समिती येणार म्हणून मारुतीला नवा चोला

आमच्या अख्ख्या चाळीत थेट संसदेला इंग्रजीतून अर्ज लिहिलेली बाई मी एकटीच. शाळा आठवीत सुटली. पुढचं इंग्रजी मी किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, त्यामुळे ते मधेच फाटल्यासारखं वाटतं. पण संसदेला कळलं. आणखी काय हवं?

प्रकरण असं. मिल बंद पडली. भोंगा वाजेना, तशी चाळीतली भिंतीवरची घड्याळं एकाएकी महत्त्वाची झाली. मग मालकांनी जमीन विकायला काढली. देशाची दारं उघडताहेत असं पेपरात रोज यायचं. आमच्या दाराला नोटीस चिकटली. जमीन होळकर दरबारानं मिलला दिलेली आहे, सबब चाळ रिकामी करा. आमचे हे, शरदराव, मिलच्या टाइम ऑफिसात होते. नोटीस दोनदा वाचून म्हणाले, "भाषा मात्र सभ्य आहे."

चाळ आणि मिलची भिंत यांच्यामध्ये कडुनिंबाखाली आमचा मारुती. सासूबाई दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर लावायच्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई लावायच्या. थरावर थर चढून देव सिमेंटच्या गोणीएवढा झालेला. नोटीस आली त्याच उन्हाळ्यात एका दुपारी ते सगळं कवच आपोआप गळून पडलं. चाळीनं ते वाजतगाजत खेडीघाटला नेऊन नर्मदेत सोडलं. इकडे आत निघाला एक चौकोनी दगड, आणि दगडावर इंग्रजी अक्षरं. इथून पुढे रेसिडेन्सीची हद्द!

म्हणजे दगडाच्या पलीकडची, मिलकडची जमीन दरबारची. अलीकडची, आमच्या चाळीखालची, इंग्रजांची. जी दरबारची नव्हतीच, ती दरबार मिलला देणार कशी? आणि इंग्रज तर गेले. मग जागा कोणाची? जो राहतो त्याची. इतका सरळ हिशेब वकिलांना सुचला नाही, मला पोळ्या लाटताना सुचला.

अर्जासोबत मी दगडाचा फोटो जोडला. मिलचे वकील पाटणी म्हणाले, असा दगड कुठलाही असू शकतो. मग ठरलं, अर्ज तपासणारी संसदेची समिती स्वतः येऊन अक्षरं डोळ्यांनी बघणार. मी फर्मान काढलं: समिती येईपर्यंत देवाला शेंदूर बंद.

"उघडा बसलाय गं तो," सासूबाई रोज म्हणायच्या.

"आई, अक्षरं दिसायला हवीत."

"अक्षरं त्याला थंडीत पांघरायला येणार आहेत का?"

समिती यायची त्याच्या आदल्या दिवशी मी घरोघर सांगत फिरले. भिंतींना चुना, पायऱ्यांना गेरू, दोरीवर एक कपडा दिसता कामा नये. दिल्लीची माणसं येताहेत, सगळं कसं नीटनेटकं हवं. सगळ्यांनी ऐकलं. सासूबाईंनी जास्तच ऐकलं.

सकाळी पांढऱ्या गाड्या आल्या. अध्यक्षसाहेब उतरले. चांगले वजनदार गृहस्थ, आवाज मऊ. मागे सदस्य, सचिव, तहसीलचे मोजणीवाले, एक हवालदार आणि हसतमुख पाटणी वकील.

"पत्थर कहाँ है?" अध्यक्षांनी विचारलं.

"ये रहा साब," आमचे पंढरीनाथभिया म्हणाले. हे पूर्वी युनियनचे पुढारी, आता शेव विकतात. त्यांनी ऐटीत हात केला आणि तो हात तसाच राहिला.

कडुनिंबाखाली मारुती नवरदेवासारखा सजून बसला होता. नवा चोला चढवलेला: बोटभर शेंदूर, वर चांदीचा वर्ख, चांदीचे डोळे, गळ्यात रुईच्या पानांची माळ. अक्षराचा एक काना दिसेल तर शपथ.

"आई, हे काय?"

"तूच म्हणालीस ना, नीटनेटकं ठेवा. पायरीलासुद्धा गेरू लावलास. मग देवालाच तेवढा उघडा बसवायचा? तोही परक्या माणसांसमोर?"

"अक्षर किधर हैं?" अध्यक्ष म्हणाले.

"हैं साब. अंदर हैं," मी म्हटलं.

"किसके अंदर?"

"भगवान के."

पाटणी वकिलांनी एव्हाना बूट काढून हात जोडले होते. "मैं तो कब से के रिया हूँ साब. यहाँ पत्थर कहाँ, यहाँ तो बजरंगबली विराजमान हैं."

अध्यक्षांनी मोजणीवाल्याला खूण केली. खरवडा.

"साब, आज शनिवार है."

"तो?"

"मेरी साढ़ेसाती चल री है."

अध्यक्षांनी हवालदाराकडे पाहिलं. त्यानं टोपी काढून साष्टांग नमस्कार घातला. सचिव फायलीत यासंबंधी काही नियम आहे का ते शोधू लागले. एका सदस्यानं सासूबाईंकडे प्रसाद मागितला, आणि सासूबाईंनी सगळ्या समितीला रांगेत उभं करून तो दिला.

"पंढरीनाथभिया, तुम्ही?" मी विचारलं.

"भाभीजी, ये लोग तो शाम की गाडी से चले जाएँगे. हम तो यहीं रेते हैं."

मग मीच घरात गेले आणि पुरणपोळीचं उलथनं घेऊन आले. देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासूनच जरा कोरडी. चाळीला ते ठाऊक होतं, त्यामुळे सगळे नुसते दोन पावलं मागे सरकले.

"अरुंधती," सासूबाई हळूच म्हणाल्या, "देवाला उलथनं?"

"आई, घर जाईल."

"मला या घरात आणलं तेव्हा आधी याच्या पाया पडवलं होतं. मग उंबरा ओलांडू दिला."

शरदराव म्हणाले, "जरा हलक्या हातानं."

मी उलथनं उचललं. अध्यक्षसाहेब खूश झाले. त्यांच्या हातात पोह्यांची बशी आली होती, त्यामुळे आवाज आणखीच मऊ.

"शाबास, बहनजी! एक बार अक्षर दिख जाएँ, तो ज़मीन मिल की नहीं. सीधे भारत सरकार की. यहाँ बढ़िया दफ़्तर बनेगा, कई मंज़िल का."

"और हम?"

"आप?" त्यांनी पोह्यांवर शेव घातली. "आप तो फिर अतिक्रमण में आएँगे. नियमानुसार हटाए जाएँगे." आणि धीर देत म्हणाले, "नोटीस देकर."

पोळ्या लाटताना केलेल्या हिशेबात ही ओळ राहून गेली होती. उलथनं शेंदरापासून वीतभर अंतरावर. मागे सगळी चाळ श्वास रोखून. मी ते सावकाश खाली आणलं, कपाळाला लावलं आणि देवापुढे डोकं टेकलं.

"साब, मेरे से नहीं होगा. बहुत जागृत देव है."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पाटणी वकील तत्काळ पुढे आले. अक्षरं निघाली तर त्यांच्या मालकाच्या हातीही काही लागणार नव्हतं. "बहनजी एकदम सही के री हैं. आस्था का सवाल है साब." त्यांचं-माझं एकमत झालं ते एवढं एकदाच.

अध्यक्षांनी सासूबाईंना विचारलं, "माताजी, ये अपने आप कब गिरता है?"

"उसकी मर्जी," सासूबाई म्हणाल्या. "पिछली बार मेरे सास की सास के टाइम का गिरा."

सचिवांनी तिथंच लिहून घेतलं: आवरण नैसर्गिकरीत्या गळून पडल्यावर समिती पुन्हा पाहणी करील, तोपर्यंत कोणत्याही पक्षानं जागेस हात लावू नये. मग सगळे खजराना गणपतीला गेले.

त्यानंतर मिलची यंत्रं भंगारात गेली, भिंत पडली, रस्त्यापलीकडे मोटारींचं शोरूम आलं. चाळ उभी आहे. दर शनिवारी पहाटे मी मारुतीला शेंदूर लावते. बेतानं. जास्त लावला तर वजनानं गळेल आणि कमी लावला तर तडकेल, असं पंढरीनाथभियांचं मत आहे. तेल पाटणी वकिलांकडून येतं, न मागता.

सासूबाईंना आता कमी दिसतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या आवर्जून सांगतात, "आमची सून आधी देवळाकडे फिरकायची नाही हो. आता बघा, एक शनिवार चुकवत नाही."

मी देवाला चांदीचे डोळे बसवताना तेवढी नजर दुसरीकडे ठेवते.