जवसाचं वाण

जानेवारीतला रविवार होता, सकाळचे नऊ वाजले होते, आणि ठाण्याच्या कोपरीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्र्यंबकराव माकडटोपी घालून पोहे खात होते. पंखा पाचावर फिरत होता. पंखा नीलाताईंसाठी होता आणि माकडटोपी पंख्यासाठी होती.

"जरा तीनवर करू का गं?" त्यांनी विचारलं.

नीलाताईंनी नुसतं बघितलं. त्र्यंबकराव उठले आणि शालही घेऊन आले.

नीलाताई एक्कावन्न वर्षांच्या. नौपाड्यातल्या एका शाळेत चौथीला शिकवायच्या, आणि फार छान शिकवायच्या. भागाकाराला घाबरणारी मुलं त्यांच्या वर्गातून भागाकाराशी दोस्ती करून बाहेर पडायची. पण गेलं वर्षभर त्यांची पाळी जायच्या वाटेवर होती आणि जाताना ती सुखासुखी जात नव्हती. फळ्यावर गणित मांडता मांडता छातीतून आगीचा लोळ निघायचा, मानेवरून कानापर्यंत चढायचा आणि पदर घामानं भिजायचा. मुलांना वाटायचं, बाई रागावल्या. मग ती एकदम शहाण्यासारखी गप्प बसायची, आणि त्याचंच नीलाताईंना जास्त वाईट वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावून सांगितलं होतं. "हार्मोनच्या गोळ्या पुष्कळ जणींना चालतात. पण दोन वर्षांपूर्वी तुमच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून तुम्हाला त्या नकोत. दुसरे मार्ग आहेत ना!" मग सैल सुती कपडे, संध्याकाळी चाळीस मिनिटं चालणं, चहा आणि तिखट कमी, आग चढायला लागली की सावकाश मोजून श्वास, असं सगळं त्यांनी सांगितलं. एवढ्यानं भागलं नाही तर हार्मोन नसलेल्या गोळ्याही असतात, त्या दोन महिन्यांनी बघू, म्हणाल्या.

"आणि जवस?" त्र्यंबकरावांनी मध्येच विचारलं होतं. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"खाऊ देत चमचाभर. पण त्यानं फार काही होईल अशी आशा नको. आणि हो, कुणीही दिलेलं चूर्ण, काढा, मला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही."

एवढ्या सगळ्यातून त्र्यंबकरावांच्या कानात जवस तेवढे राहिले. त्याला कारण होतं. बाकीचं सगळं नीलाताईंनी करायचं होतं. बायकोसाठी आपण स्वतः करावं असं त्या यादीत दुसरं काही नव्हतंच.

त्र्यंबकराव बत्तीस वर्षं सरकारी औषध-भांडारात भांडारपाल होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण हात निवृत्त झाले नव्हते. त्यांनी चार किलो जवस आणले, भाजले, दळले आणि आठवड्याला एक अशी वर्षाची बावन्न पाकिटं केली. प्रत्येक पाकिटाच्या मागे सुवाच्य अक्षरात लेबल लावलं : 'उपयोग – रजोनिवृत्तीचा त्रास (अंगाची आग, घाम, विनाकारण चिडचिड). प्रमाण – रोज एक चमचा.'

"विनाकारण?" नीलाताई म्हणाल्या होत्या.

"पुस्तकात तसं आहे," त्र्यंबकराव म्हणाले होते.

पण त्याच वेळी नीलाताईंनी त्यांना देवासमोर उभं करून वचनही घेतलं होतं. "यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. प्राथमिकच्या पर्यवेक्षकपदासाठी मुख्याध्यापिका योगिनी मॅडम एक नाव पाठवणार आहेत, सोमवारी. त्यांना कळलं ना, तर म्हणतील, नीलाबाई थकल्या आता. बावीस वर्षं वाट बघितलीय हो मी."

"माझ्या तोंडून जाणार नाही," त्र्यंबकराव म्हणाले होते. आणि ते गेलंही नाही. ते वाणातून गेलं.

त्या रविवारी संध्याकाळी घरी हळदीकुंकू होतं. नीलाताईंनी वाण म्हणून घरचा गोडा मसाला द्यायचं ठरवलं होतं. खाकी कागदी पाकिटं त्यांनी शेकड्यानं आणली होती. उरलेल्या पाकिटांत जवस भरले गेले, हे ओघानं आलंच. मसाल्याचं खोकं आणि जवसाचं खोकं, दोन्ही पलंगाखाली शेजारी शेजारी होती.

"बायका आल्या की तुम्ही आत बसा, आणि मी हाक मारली की डाव्या खोक्यातली पाकिटं ताटात मांडून दारातून द्या," नीलाताईंनी दारात उभं राहून सांगितलं.

आता औषध-भांडारात डावं म्हणजे भांडारपालाच्या खुर्चीवरून डावं, हा बत्तीस वर्षांचा नियम. त्र्यंबकरावांची खुर्ची पलंगाच्या पलीकडे, खिडकीशी होती. त्यांनी त्यांच्या डाव्या हाताचं खोकं ओढलं आणि पाकिटं खोक्यात होती तशीच, कोरी बाजू वर ठेवून, चारच्या रांगेत, अगदी देखणी मांडून दिली.

सव्वीस बायका आल्या, तिळगूळ घेतला, हसल्या, गेल्या. योगिनी मॅडमसुद्धा खास नौपाड्याहून आल्या, पाकीट पर्समध्ये टाकून रिक्षात बसल्या. साडेसातला नीलाताई मोबाइल घरीच ठेवून चालायला गेल्या, आणि त्र्यंबकराव उरलेली पाकिटं मोजायला बसले. मसाल्याच्या खोक्यातलं एकही पाकीट कमी झालं नव्हतं.

त्यांनी दुसरं खोकं ओढलं. त्यात सव्वीस कमी होती.

त्र्यंबकरावांना पंखा बंद असताना घाम फुटला. बत्तीस वर्षांत एक गोळी चुकीच्या हाती गेली नव्हती, आणि आज सव्वीस बायकांच्या घरी औषध गेलं होतं, तेही लेबलासकट! नीलाताई परत यायला चाळीस मिनिटं होती. मसाल्याची पाकिटं पिशवीत भरून ते जिना उतरले.

दुसऱ्या मजल्यावर निशाताईंनी दार उघडलं. त्यांच्या हातात पाकीट होतं आणि मागं त्यांची सून क्षिप्रा तोंडावर ओढणी धरून उभी होती. ती हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं.

"या! तुमचीच वाट बघत होते," निशाताई म्हणाल्या. "आमच्या क्षिप्राच्या लग्नाला आठ महिने झालेत. आठ! पहिलं हळदीकुंकू तिचं. आणि वाण काय, तर पाळी जाण्याचं औषध?"

"चुकून आलं हो. हा घ्या मसाला. ते परत द्या."

"चुकून म्हणजे? मग हे होतं कोणाचं?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं, पण त्यावर देवासमोरचं वचन बसलं होतं. त्र्यंबकरावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आपल्या घरात माणसं दोनच आहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

"माझं," ते म्हणाले.

निशाताईंनी पाकीट उलटून लेबल पुन्हा वाचलं.

"काका, पुरुषांना पण असतो?" क्षिप्रानं ओढणी खाली घेतली.

"असतो," त्र्यंबकराव म्हणाले. "उशिरा येतो."

"अगंबाई!" निशाताईंचा सूर एकदम खाली आला. "तरीच! परवा जिन्यात तुम्ही भर दुपारी टोपी घालून... बसा ना भाऊ. पाणी देऊ? त्रास फार होतो का हो?"

"अंगाची आग होते," त्र्यंबकराव म्हणाले. लेबल पाठ होतं.

निशाताईंनी क्षिप्राचं पाकीट परत केलं, स्वतःचं मात्र ओट्यावरच्या डब्यामागं सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "हे राहू दे माझ्याकडे. आणि असं एकट्यानं सोसू नका."

"पण आधी डॉक्टरांना विचारा!" त्र्यंबकराव जिन्यातून ओरडले.

तळमजल्यावर सोसायटीचे चेअरमन जगनभाऊ राहायचे. बिल्डिंग उभी होती ती जमीन मुळात त्यांच्या आजोबांची. दारात त्यांची बायको भावना कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय भाऊजी? मी काय म्हातारी दिसते का तुम्हाला? चाळीस पण पूर्ण नाय झाली मना!"

"ए, मागच्या साली पण तू चाळीसचीच होतीस," आतून जगनभाऊ म्हणाले.

"तुम्ही गप बसा! आणि वर लिवलंय काय, तर विनाकारण चिडचिड! विनाकारण? या घरात?"

तेवढ्यात जगनभाऊंच्या आई, गोदाआजी, काठी टेकत पुढे आल्या. "माजं तं कवाच सरलं रं पोरा. पन डोकं आजून तापतं. या पुडीनं उतरंल का?"

"आजी, नका घेऊ. ते माझं आहे," त्र्यंबकरावांनी आता सरावानं सांगितलं. "मलाच होतो तो त्रास."

जगनभाऊ हातातला रिमोट ठेवून उठले, बाहेर आले आणि त्र्यंबकरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गेटपर्यंत घेऊन गेले.

"त्र्यंबकराव, बोललात ते बरं केलंत. मर्द माणूस बोलत नाही, हाच प्रॉब्लेम आहे," ते म्हणाले. मग आजूबाजूला बघून त्यांनी आवाज उतरवला. "माझी पण मध्येच सटकते. हे तेच असेल का?"

"नसेल," त्र्यंबकराव कळवळून म्हणाले आणि वर पळाले, कारण अजून तेवीस पाकिटं बाकी होती आणि त्यांचा दम संपला होता.

घरात शिरताना नीलाताईंचा फोन वाजत होता. योगिनी मॅडम.

"नीलाबाई, अहो ते वाण..."

"मॅडम, मी त्र्यंबक बोलतोय. ते माझं आहे. चुकून आलं. तब्येत... सध्या जरा तशीच आहे माझी."

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काळजी घ्या. नीलाबाई काही बोलल्या नाहीत कधी. बिचाऱ्या!" आणि फोन बंद झाला.

त्र्यंबकराव खुर्चीत बसले. वचन पाळलं होतं. अब्रू गेली होती, पण ती त्यांची होती, आणि निवृत्त माणसाला ती फारशी लागत नाही. त्यांना बरंच हलकं वाटलं.

दहा मिनिटांनी नीलाताई आल्या. "अहो, गेटवर जगनभाऊंनी मला हात जोडले. 'वहिनी, धीर धरा' म्हणाले. कसला धीर? तुम्हाला काय झालंय?"

त्र्यंबकरावांनी सगळं सांगितलं. खोकी, खुर्ची, निशाताई, गोदाआजी, फोन. सांगता सांगता नीलाताईंच्या मानेवर लाली चढायला लागली. त्यांनी डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. त्र्यंबकरावांनी धावत जाऊन पंखा पाचावर केला आणि मुकाट्यानं समोर उभे राहिले.

"सगळ्यांना सांगितलंत? तुम्हाला मेनोपॉज आहे म्हणून?"

"तुझं नाव घ्यायचं नव्हतं ना."

नीलाताईंनी डोळे उघडले. समोर एकोणसाठ वर्षांचा, मिशी पांढरी झालेला माणूस गारठून कुडकुडत उभा होता. त्या काही बोलणार, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"नीलाबाई, योगिनी बोलतेय. उगाच उद्यापर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं, म्हणून आत्ताच फोन केला. तुमच्या मिस्टरांचं कळलं. वाईट वाटलं हो. खरं तर पर्यवेक्षकपदासाठी तुमचंच नाव लिहिलं होतं मी. पण आता घरी आजारी माणूस, त्यात हे काम संध्याकाळी सहापर्यंतचं. तुमच्यावर भार नको, म्हणून नाव कमी करतेय. रागावू नका."

नीलाताईंनी त्र्यंबकरावांकडे बघितलं. त्यांना ऐकू जात होतं, आणि त्यांचा चेहरा गणित चुकलेल्या मुलासारखा झाला होता.

"मॅडम," नीलाताई म्हणाल्या. "ह्यांना काहीही झालेलं नाही. ते औषध माझं आहे. वर्षभर त्रास होतोय मला. वर्गात आग होते, घाम येतो, कधी कधी साधा शब्द आठवत नाही. कळू नये म्हणून लपवत होते. आता काय लिहायचं ते लिहा."

"तुमचं आहे?" योगिनी मॅडम म्हणाल्या. "म्हणजे एवढंच?"

"हो. एवढंच."

"अहो, मग तसं सांगायचं ना! मी पाच वर्षं भोगतेय. माझ्या ऑफिसात दोन पंखे का आहेत, असं वाटत होतं तुम्हाला? नाव तसंच राहणार. आणि उद्या मधल्या सुट्टीत या. तुम्ही काय काय करता, मी काय काय करते, सगळं बोलू. इतकी वर्षं शेजारशेजारच्या खोल्यांत घाम पुसत बसलो आपण!"

फोन ठेवल्यावर नीलाताई आधी रडल्या, मग हसायला लागल्या, आणि मग दोन्ही एकदमच करायला लागल्या. त्र्यंबकरावांनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"चला, सुटलो," ते म्हणाले. "मी आत्ता खाली जाऊन सांगून येतो सगळ्यांना, की मला काही झालेलं नाही म्हणून."

"मी येते की बरोबर. मीच सांगते," नीलाताई म्हणाल्या. मग दाराशी जाऊन थांबल्या. "पण परवा जाऊ या का?"

"का गं?"

"आत्ता येताना निशाताई भेटल्या जिन्यात. उद्या त्या तुमच्यासाठी गाजराचा हलवा पाठवणार आहेत. आणि भावनाकडून वड्यांचं जेवण आहे."