यूनानी कर्णा आणि फुंकण्याचा मान

दर्यादेवास नमन, आणि ज्यांचे मीठ खाऊन हे लिहितो त्या राजश्रींस दुरून मुजरा. शके सोळाशे एकोणीस, ईश्वर नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध दशमीचे दिवशी राज्यात जे वर्तले ते ऐसे जे.

महाराजांचे जामदारखान्यात काशाचा एक कर्णा होता. पूर्वी यूनान देशी निकांदर नामे आरमाराचा सरदार होऊन गेला, त्याचा तो. फुंकला असता वारा सुटून फुंकणाराकडे येई, ऐसी त्याची करामत. ते दिवशी दोन प्रहरी वारा पडला आणि किल्ल्यासमोर आपली पाच गलबते जागीच खिळली, आणि शत्रूच्या होड्या वल्ही मारीत त्यांजवर चालून आल्या. गलबते तटाखाली येती तर तोफांचे आश्रयाने वाचती. त्यांतील एकावर खलाशांचा म्होरक्या धाकोजी तांडेल याचा एकुलता लेक वेसाजी होता. मग तांडेल दरबारात धावत आला आणि बोलिला, "म्हाराज, त्यो कर्णा मला द्या जी. छातीत दम हाय माज्या, आत्ता वारा आनतो. पोरगं माजं तितं अडकलंय!" महाराज कनवाळू, कर्णा पुढे केलाच, इतक्यात दिवाण त्रिंबकपंत आडवे आले आणि बोलिले, "तांडेलाचे तोंड आधी लागले तर कर्णा उष्टा होईल. मग महाराजांनी तो ओठी लावावा कैसा? मानाप्रमाणे चालावे." सभेने माना डोलाविल्या. या कामी आमचे दरबारास कधी उशीर होत नसे.

मग प्रथम महाराजांनी फुंकला, फुस इतकाच आवाज झाला आणि सर्वांनी वाहवा केली. मग युवराजांनी, मग दिवाणजींनी मिशा सावरून फुंकला, मग सेनापतींनी, आणि त्यांचे मागून पाळी आली म्हणून राजगुरू रुसले, त्यांची समजूत काढण्यात अर्धी घटका गेली. मग हत्तीखान्याचे दारोगे फुंकता फुंकता घेरी येऊन पडले. पालखीत बसून वाढलेल्या छात्या त्या, कर्णा बोलावा कैसा? तांडेलाची पाळी बाविसावी. तो खिडकीतून समुद्राकडे पाहे आणि हात जोडून म्हणे, "बिगी करा वो, पाया पडतो," आणि भालदार त्यास दटावी. पहिले गलबत पेटले तेव्हा महाराजांस पाणी देणारा आबदार तोंड पुसून कर्णा हाती घेत होता.

शेवटी तांडेलाने फुंकला, तो तट दणाणले आणि वारा खरोखर सुटला, आणि पाचही गलबते किनाऱ्यास लागली. परंतु ती जळून काळी झाली होती आणि त्यांवर जिवंत कोणी नव्हते. तांडेल लेकाचे डोके मांडीवर घेऊन वाळूत बसला. मग दिवाणजी पालखीतून आले आणि बोलिले, "शोक आवरा, धाकोजी. महाराजांचे ओठ लागलेला कर्णा तुमचे हातून वाजला, केवढा हा मान!"

तांडेलाने वर पाहिले आणि म्हटले, "मग पंत, याला अग्नीबी आधी तुमीच द्या. मान तुमचा पयला. मी हाय बाविसावा, थांबतो."

पंत पालखीत बसले आणि माघारी गेले.

सारांश, गलबते पाच जळाली, माणूस दीडशे गेले, मानाची पायरी एकही चुकली नाही. झाले ते लिहिले. लिहिताना लाज वाटली, तीही लिहिली.