फिलूमावशी आणि लेफ्ट आउट

फिलूमावशीची छत्री पावसासाठी नव्हती. ऑफसाइडसाठी होती.

चर्चमागच्या मैदानावर आमच्या गावठाणाची मॅच असली की मावशी साइडलाइनवर हजर. लुगड्याचा काष्टा करकचून मारलेला, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट आणि हातात लांब दांडीची काळी छत्री. बॉल पुढे गेला की मावशी पुढे, बॉल मागे आला की मावशी मागे. वाटेत उभे असलेले लोक आपणहून सरायचे, कारण न सरणाऱ्याच्या पोटात छत्रीचं टोक जायचं. आणि कोणी ऑफसाइड गेला रे गेला की छत्री वर! लाइन्समन वेगळा असायचा, रीतसर नेमलेला, हातात झेंडा वगैरे घेतलेला. पण रेफ्री आधी छत्री बघायचा आणि मगच शिट्टी मारायचा.

समोरच्या टीमचीही याला हरकत नसे. कारण एका सेमीफायनलला शेवटच्या मिनिटात आमच्या सुऱ्याने गोल मारला, अख्खं गावठाण मैदानात घुसून नाचायला लागलं आणि त्या नाचाच्या कडेला एक काळी छत्री ताठ उभी राहिली. गोल रद्द. मॅच गेली. सुऱ्याचा मामा म्हणजे आमचे परबदादा, ते तर रडायच्या बेताला आले होते. म्हणाले, "मावशे, तू आमची की त्यांची गे?"

"मी बॉलची," मावशी म्हणाली. "खोटा नाय बोलायचा."

"खोटा नाय बोलायचा" हे तिचं एक ठरलेलं वाक्य. दुसरं, बॉल पायात घोळवत बसणाऱ्यासाठी: "बॉल काय तुजा पावना हाय? बसवून ठेवलास तो! दे पुढं!"

आम्ही मूळचे मालवणकडचे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मला ड्राफ्ट्समनची नोकरी लागली आणि वसाहतीच्या मागच्या या ख्रिस्ती गावठाणात भाड्याने खोली मिळाली. खोली देताना मालकाने माझी जात विचारली नाही की लग्न झालंय का विचारलं नाही. विचारलं, "फुटबॉल खेलतोस?" मी शाळेत राइट बॅक खेळायचो. तेवढ्यावर खोली मिळाली आणि क्लबही. पहिल्याच मॅचला मी जरा बिचकत खेळत होतो, तर साइडलाइनवरून आवाज आला, "ए नवा! बॉलला भितोस की बॉलवाल्याला?"

"बॉलवाल्याला!" मी खरं ते सांगितलं.

"मंग त्याला सोड आनि बॉल पकड. बॉलवाला जाईल घरी, बॉल जाईल गोलात!"

मला आजवर एवढं नेमकं कोचिंग कोणी दिलेलं नाही.

फिलूमावशी म्हणजे फिलोमिना. सकाळी भाजी आणि अंडी विकायची. घरात ती, एक बकरी आणि डझनभर कोंबड्या. नवरा जेरोम बहरीनला क्रेन चालवायचा. दोन-तीन वर्षांनी रजेवर यायचा तो ऐन उन्हाळ्यात, मैदानावर लग्नांचे मांडव पडलेले असताना. त्यामुळे मी त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. पण मावशीच्या म्हणण्याप्रमाणे गावठाणाच्या क्लबने आजवर पाहिलेला सर्वांत थोर लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने बॉल नेणारा फॉरवर्ड, होता जेरोम. आणि आजचा लेफ्ट आउट होता सुऱ्या. इथे वादाची सोय झाली.

वाद दर रविवारी संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर व्हायचा आणि तो टेप व्हायचा. होय, टेप. जेरोमकाकांनी एका रजेत टेपरेकॉर्डर आणला होता. मावशी तो मधोमध स्टुलावर ठेवायची, दोन बटणं एकदम दाबायची आणि त्याच्या अंगावर ओरडून सांगायची, "जेरोम, आयक! आज आपून जितलो. दोन-एक. आता हे लोक काय बोलतात ते आयक!" मग आम्ही बोलायचो. कॅसेट भरली की बहरीनला परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून जायची.

वादाची एक बाजू मावशी, दुसरी बाजू परबदादा. परबदादा रिक्षा चालवायचे, पण रविवारी दुपारनंतर कोणी विमानतळावर सोडा म्हणालं तरी हो म्हणायचे नाहीत.

"मावशे, तुझो जेरोम चांगलो होतो, मी नाय म्हणतंय काय? पण सुऱ्या म्हणजे वारो! नुसतो वारो!"

"वाराच हाय. सगलीकडं जातो, गोलात सोडून."

"अगे, आज दोन मारल्यान!"

"दोन मारले. आनि घालवले किती, ते कोन मोजनार? तुजा मीटर?"

ओटा हसायचा. परबदादा लाल व्हायचे. मावशी आणखी पुढे सरकायची. "जेरोमचा क्रॉस बगितलास तू? पार कोपऱ्यातून यायचा. बॉल यायचा आनि सेंटर फॉरवर्डच्या कपालाला इचारायचा, बसू का?"

"आणि सेंटर फॉरवर्ड काय सांगायचो? उभो रव?"

"तो बोलायचा, बस! आनि गोल!"

परबदादांना आता टेपरेकॉर्डरखेरीज कोणी वाली उरायचा नाही. ते त्याच्याकडे तोंड करून ओरडायचे, "जेरोमा, आयकतंस मां? तुझी बायल माका बोलूक देना नाय!" नंतर चहा पिताना मला हळूच म्हणायचे, "मेलेल्या आणि गल्फात गेलेल्या प्लेअराक कोण हरवतलो, सांग."

हा असा तासभर दंगा. जुना कीपर की नवा, जुना हाफ की नवा, सगळ्यांची उजळणी व्हायची आणि गाडी पुन्हा लेफ्ट आउटवर यायची. कॅसेट संपत आली की मावशी सगळ्यांना गप्प करायची. "बस. जागा संपली. जेरोम, ठेवते." खट्.

एकदा मी म्हणालो, "मावशी, सगळी कॅसेट आम्हीच भरतो. तुमचं स्वतःचं काही सांगा ना काकांना."

ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. "माजा काय सांगायचा? मी काय गोल मारते?"

त्या वर्षी जेरोमकाका पहिल्यांदाच डिसेंबरात आले. नाताळाला. बातमी लागली तशी परबदादांनी रिक्षा थेट मावशीच्या दारात उभी केली आणि जाहीर केलं, "आता कॅसेट पुरे! आता बघून घेऊ! जुने विरुद्ध नवे! नाताळानंतरच्या आयतवारी!"

गावठाण पेटलं. पोटं सुटलेले जुने हाफ आणि फुलबॅक पहाटे मैदानावर धापा टाकायला लागले. माळ्यावरचे बूट खाली आले, त्यांत उंदरांची घरं निघाली. जुन्यांच्या कीपरच्या बायकोने चर्चमध्ये मेणबत्ती लावली, नवरा हातीपायी धड परत यावा म्हणून. नाक्यावर, विहिरीवर, भाजीच्या टोपल्यांभोवती एकच विषय: जेरोम की सुऱ्या? माणसं जेवणं विसरून भांडत होती. मलाही कारखान्यात ड्रॉइंग काढताना पेन्सिलीखाली डावा कोपराच दिसत होता, कारण जुन्यांचा लेफ्ट आउट म्हणजे जेरोमकाका, आणि त्यांना अडवायला नव्यांचा राइट बॅक म्हणजे मी.

प्रत्यक्ष जेरोमकाका म्हणजे मात्र अगदीच मऊ माणूस. टक्कल, जाड चष्मा, आवाज असा की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. "माजा गुडगा जरा..." असं त्यांनी ओट्यावर सुरू केलं, तर मावशीने तोडलंच. "गुडगा काय एकलाच खेलतो? तू खेल."

शनिवारी दुपारी माझ्या दारावर थाप पडली. मावशी. हातात डबा. मावशी कधी कुणाकडे जात नसे, लोक तिच्याकडे जात. डब्यात मैद्याचे गोल तळलेले फुगे आणि कोंबडीचं सुकं.

"उंद्या त्याच्या समोर तूच ना?"

"हो."

"फुगे खा."

मी खाल्ला एक. मावशी भिंतीकडे बघत होती.

"गुडगा सुजलाय त्याचा. तेल लावते तवा कलतो मला. तो बोलत नाय."

"मग नका खेळू म्हणावं, मावशी. मजेची तर मॅच आहे."

"मजेची?" ती माझ्याकडे वळली. "सगला गाव येतंय बगायला. मी इतकी वर्सं काय काय बोलले ते एकेकाच्या ध्यानात हाय." मग आवाज एकदम खाली आला. "एकदा सोड त्याला. एकदाच. जास्त नको, लोकांना समजंल."

माझ्या तोंडात दुसरा फुगा तसाच राहिला. आपल्याच टीमचा सेमीफायनलचा गोल छत्रीने पुसून टाकणारी ती हीच बाई होती.

"मावशी, पण तुम्हीच म्हणता ना, खोटं नाही बोलायचं?"

"बोलायचा नाय," मावशी उठली. "खेलायला कोन नको बोललाय?" आणि डबा तिथेच ठेवून निघून गेली.

रविवारी मैदानाला जत्रेचं रूप. कंपाउंडच्या भिंतीवर माणसं, आंब्यावर माणसं. परबदादांच्या गळ्यात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, बडवायला. सुऱ्या त्या दिवशी खरोखर वारा होता. पहिल्या अर्ध्यात दोन गोल, आणि डब्याचा आवाज थेट स्टेशनपर्यंत गेला असेल. जुन्यांनी एक फेडला, त्याला डबा वाजला नाही. जेरोमकाकांकडे बॉल दोनदा आला. एकदा पाय घसरला, एकदा मी वेळेवर पोचलो आणि मलाच वाईट वाटलं. साइडलाइनवर मावशी घसा फोडत होती, "त्याला द्या! जेरोमला द्या! बाकीचे काय मुंबई बगायला आलेत?"

दुसऱ्या अर्ध्यात डाव्या बाजूला लांब बॉल आला. जेरोमकाकांनी तो थांबवला. झकास थांबवला, खोटं कशाला बोलू. मग मान खाली घालून माझ्या अंगावर आले. छाती भात्यासारखी चाललेली. मी वजन मुद्दाम चुकीच्या पायावर टाकलं. क्षणभर त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि बॉल बाहेरून काढून निघून गेले.

मैदान उठलं. "जेरोम! जेरोम!" भिंत ओरडत होती, आंबा ओरडत होता. साइडलाइनवर छत्री काखेत मारून मावशी त्यांच्या बरोबरीने पळत होती. "मार! मार रे! डाव्याने मार!"

त्यांनी डाव्याने मारला. बॉल गोलवरून गेला, भिंतीवरून गेला आणि फादरच्या केळीत पडला.

मग मावशीचा आवाज, "वारा! वारा व्हता!"

केळीचं एक पान हलत नव्हतं.

मॅच नव्यांनी जिंकली. संध्याकाळी सवयीने सगळे ओट्यावर जमले, पण लेफ्ट आउटचा विषय कोणी काढेना. परबदादांना काय वाटलं कोण जाणे, इतक्या वर्षांनी वाद जिंकलेला माणूस बशीतल्या चहाकडे बघत म्हणाला, "काय ऊन होता आज." सुऱ्याने "हो ना" म्हटलं.

विषय काढला तो जेरोमकाकांनीच. "परब, तुजा भाचा चांगला हाय. माज्यापेक्षा चांगला. मी कदी एवडा चांगला नव्हतो." मग माझ्याकडे बोट केलं. "आनि आज मला ह्याने सोडला."

मावशी गर्रकन माझ्याकडे वळली. डोळ्यांत जाळ. "सोडलास तू त्याला?"

"नाही हो, मावशी! चुकवलं त्यांनी मला."

"बग!" मावशी नवऱ्याला म्हणाली.

जेरोमकाका हसले. "फिलू, पुरे. तिकडे खोलीत आठ जन ऱ्हातो आमी. सगले झोपले का मी कॅसेट लावायचो, हलू आवाजात. तू बोलायचीस जेरोम असा आनि जेरोम तसा. मला वाटायचा, हा कोन जेरोम? मला नाय आटवत मी असला काय केलेला. साधा प्लेअर व्हतो मी."

मावशी उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता परबदादांची व्हायची तशी जेरोमकाकांची फजिती होणार.

"तुला काय कलतंय?" ती म्हणाली. "तुला काय ठावं तू कसा खेलायचास? तू खेलत व्हतास. बगत मी व्हते."

जेरोमकाकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मग म्हणाले, "मंग सांग. कसा खेलायचो?"

अख्ख्या मैदानाला पुरून उरणारा मावशीचा आवाज कुठे गेला कळेना. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली, लुगडं सारखं केलं आणि म्हणाली, "पयल्यांदा बगितला तवा..." पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. आम्ही दोन हातांवर होतो, तरी नाही.

परबदादा पहिले उठले. सुऱ्याला कोपराने ढोसलं, मला डोळ्यांनी खुणावलं. चपला हातात घेऊन आम्ही एकेक करून ओटा उतरलो. परबदादांनी रिक्षा चालू केली नाही. आम्ही तिघांनी ती गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली.