दहा किलोंच्या आतला गोंडा

न्हाणीघरात सगळं मांडून झालं होतं. दोन बादल्या, एक मग, कुत्र्यांच्या शांपूची अर्धी बाटली, तीन जुने टॉवेल, मास्तरांची शिवणकामाची कात्री, बिस्किटांचे शंभर-शंभर ग्रॅमचे चार पुडे, एक वजनकाटा आणि दहा किलो तीनशे ग्रॅमचा एक कुत्रा.

घोळ त्या तीनशे ग्रॅममध्ये होता. इमारतीत नवा नियम निघाला होता: पाळीव प्राणी दहा किलोंपर्यंतच. पाच वाजता सेक्रेटरी स्वतः वजन बघायला येणार होते. गोंडा नापास झाला तर त्याची रवानगी दूर मामाकडे. मास्तरांच्या लेकीने तर सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता.

"अहो, शिंपी ना तुम्ही? मग कापा की!" बायको म्हणाली. "तीनशे ग्रॅम तर नुसते केसच निघतील."

मास्तरांनी जन्मभर माणसांचे कपडे बेतले होते. त्यांना दुसरी रीत ठाऊक नव्हती. त्यांनी गळ्यातल्या टेपने गोंड्याची छाती मोजली, पाठ मोजली आणि त्याच्या काळ्या केसांवर खडूने रेघ मारली. गोंड्याने ती चाटून टाकली.

"हलू नकोस रे राजा, उतार चुकेल."

"बाबा, तो कुत्रा आहे. त्याला कॉलर काढू नका!"

कात्री कचकचली की गोंडा पलंगाखाली पळे आणि लेक बिस्किट दाखवून त्याला बाहेर काढे. दोन पुडे संपेपर्यंत डावी बाजू उजवीशी जुळली. केसांचा हा एवढा ढीग पडला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो भरला दोनशे ग्रॅम.

लेक वजनकाट्यावर आधी एकटी उभी राहिली, मग गोंड्याला कडेवर घेऊन. मास्तरांनी वजाबाकी केली. पुन्हा केली.

"दहा तीनशे."

"असं कसं?" लेक म्हणाली. "केस काय हवेचे होते?"

"मळ असेल," बायकोने निकाल दिला. "महिना झाला आंघोळीला. घाला पाणी."

आंघोळीला तिसरा पुडा लागला. कान पुसून झाले, पंजे घासून झाले, मास्तर नखशिखान्त भिजले. गोंडा स्वच्छ निघाला, सुगंधी निघाला आणि दहा किलो नऊशे ग्रॅम निघाला.

"पाणी धरलंय त्याने!" मास्तरांनी टॉवेल ओढला. "वाळव, वाळव लवकर!"

हेअर ड्रायर लावला. त्याच्या आवाजाने गोंडा भेदरला, म्हणून चौथा पुडा फोडला. तो संपला आणि फ्यूज उडाला. तेवढ्यात दार वाजलं.

दारात सेक्रेटरी होते आणि मागे त्यांची बायको. मास्तरांना त्यांची पावलंसुद्धा ओळखू येत. सेक्रेटरींची प्रत्येक पँट तेच शिवत. वर्षभरात त्यांनी त्या साऱ्या कमरेत दोनदा उसवून सैल केल्या होत्या, आणि तेही गुपचूप, दुकान बंद करताना.

"नियम म्हणजे नियम, मास्तर," सेक्रेटरी म्हणाले. "हातचलाखी नको. कुत्र्याला मीच धरतो. माझं वजन बहात्तर, त्यातून वजा करायचं, झालं."

ओला गोंडा त्यांच्या शर्टाला चिकटला. आकडा थरथरला आणि थांबला. शहाण्णव.

"म्हणजे हा चोवीस किलोंचा?" लेक किंचाळली.

मास्तर भिंतीकडे बघू लागले. सेक्रेटरींची बायको मात्र काट्याकडे बघत होती.

"अहो, त्याला खाली ठेवा. आता एकटे उभे राहा बरं."

"कशाला? मला माहितीये ना माझं!"

"आठ महिने मी तुम्हाला उकडलेल्या भाज्या घालतेय. बघू तरी उजेड काय पडला."

सेक्रेटरींनी गोंड्याला घट्ट धरलं. त्यांची नजर मास्तरांच्या गळ्यातल्या टेपवर गेली, तिथून मास्तरांच्या तोंडावर. एवढी केविलवाणी नजर मास्तरांनी फक्त कात्री पाहिल्यावरच्या गोंड्याची पाहिली होती.

मास्तर खाकरले. "वहिनी, काटाच बिघडलाय हो. सकाळपासून छळतोय."

"बिघडलाय!" सेक्रेटरी टुणकन खाली उतरले. "मी म्हटलंच! अशा काट्याचा काय भरवसा? मास्तर, तुमच्या हाताचा अंदाज सांगा. किती असेल?"

"नऊ, साडेनऊ."

"नऊच! हातात घेतल्याबरोबर कळलं मला. अगदी पिसासारखा आहे. राहू दे कुत्र्याला." आणि बायको काट्यावर पाय ठेवायच्या आत त्यांनी तिला जिन्यात नेलं.

लेकीने गोंड्याला मिठी मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन ताटांचं जेवण एकटीने संपवलं. मास्तरांनी कपडे बदलले, फ्यूज बसवला, केस आणि बिस्किटांचे चार रिकामे पुडे झाडून गोळा केले. संध्याकाळी गोंडा खडखडीत वाळला, तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते आधी एकटे काट्यावर उभे राहिले, मग त्याला घेऊन.

दहा किलो पाचशे ग्रॅम.