आधी सरपंच, मग भटजी

हौसाबाईच्या मांडवात बारा वाजले, तरी सरपंच दत्तात्रेय गुरुजी कमरेच्या तिरंगी पट्ट्याची गाठ मारत होते. मुहूर्त बारा दहाचा. तो टळला तर पत्रिकेला जुळणारा पुढचा थेट दिवाळीनंतर, आणि नागोठण्याची मुलाकडची माणसं तोवर थांबणार नाहीत, हे हौसाला पक्कं ठाऊक होतं.

गुरुजी इतिहासाचे निवृत्त मास्तर. ऱ्हाइन नदीकाठच्या जर्मन गावांवर फ्रेंचांचा अंमल आला तेव्हा लग्नाच्या वह्या पाद्र्यांकडून काढून गावच्या मेयरकडे दिल्या, असं त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं. मेयरनं कमरेला पट्टा बांधून नवराबायकोला कायद्याची कलमं वाचून दाखवायची, मग चर्च. झालं! आपल्या खाडीकाठीही हेच हवं, म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत ठराव आणला. सदस्यांना जेवायची घाई होती, त्यांनी हात वर केले. आणि पहिलं लग्न आलं ते हौसाच्या लेकीचं, शांतीचं.

"गुरुजी, आटपा की वो," हौसा रडकुंडीला आली. "अंतरपाट धरून पोरांचे हात दुखाय लागलं."

"कलमं सतरा आहेत, हौसाबाई. गाळता येत नाहीत."

"मला रोह्याला दुसरं लग्न आहे," कमळाकर भटजी घड्याळ दाखवत म्हणाले.

"ठराव म्हणजे ठराव," असं म्हणून गुरुजींनी माईक हातात घेतला. शाळेत प्रार्थना म्हणायचे त्याच हेलात कलम पहिलं सुरू झालं, आणि ते संपताच श्वास घ्यायला गुरुजी थांबले.

मांडवाच्या मागच्या टोकाला बसलेल्या बायकांना पुढचं काही दिसत नव्हतं. कर्ण्यातून न कळणाऱ्या शब्दांत हेल काढून काहीतरी येतंय आणि मध्येच थांबतंय, म्हणजे मंगलाष्टकंच. "टाका गो," म्हणत ठमाबाईनं पहिली मूठ उधळली. दुसऱ्या कलमाला निम्मा मांडव अक्षता टाकत होता, चौथ्याला सगळा. पाचव्याला बरोबर बारा दहा झाले. अक्षतांचा पाऊस बघून वाजंत्रीवाल्यांनी ताशा बडवला, पोरांनी सुटकेचा श्वास टाकत अंतरपाट सोडला आणि शांतीनं नवऱ्याच्या गळ्यात हार घातला.

"अहो, अजून बारा कलमं आहेत," गुरुजी ओरडले, पण ताशापुढे कोण ऐकतंय!

"भटजी, तुम्ही परत लावा," गुरुजी भटजींकडे वळून म्हणाले.

"एकदा अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं. उरलेले विधी रोह्याहून येऊन करतो," भटजींनी पिशवी उचलली आणि ते एसटी पकडायला पळाले.

हौसा गुरुजींच्या पाया पडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मुहूर्त साधलात, गुरुजी."

ग्रामसेवक गुणाजी लग्ननोंदीच्या वहीवरचे तांदूळ झटकत बसला होता. वरवधूच्या सह्या झाल्या, साक्षीदारांच्या झाल्या. मग त्यानं पेन थांबवलं.

"गुरुजी, इथं लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव लागतंय. कोणाचं लिहू?"

गुरुजींनी रस्त्याकडे पाहिलं. एसटी केव्हाच गेली होती. त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, खाली बसले आणि हळूच म्हणाले, "माझंच लिही."

"व्हय," गुणाजी लिहिता लिहिता म्हणाला. "ठमाबाई विचारतायत, त्यांच्या नातवाचं लग्न मंगळवारी हाय. पाचच कलमं घ्याल ना?"