पहिल्या खुर्चीवरचा उजवा पाय

ज्या सत्कर्माची नोंद होत नाही ते सत्कर्म नसून निव्वळ घरगुती खटाटोप होय, हे सत्य अंधेरीच्या गावठाणात फार उशिरा उमगले. ग्लेनरॉयचे पणजोबा अर्बन यांनी सलग नऊ उन्हाळे गावच्या विहिरीतला गाळ एकट्याने उपसला. त्या विहिरीवर त्यांच्या नावाची साधी फरशीही नाही. आजोबा पास्कोल साथीच्या दिवसांत, ज्या घरांत शिरायला सख्खे भाऊ कचरत, तिथल्या प्रेतांना खांदा देत. एकाही प्रेताकडून त्यांनी पोच घेतली नाही. वडील इग्नेस कारखान्यातली पाळी संपवून येताना तीन म्हाताऱ्यांच्या घरी पाणी भरत, आणि ही गोष्ट त्यांच्या अंत्यविधीला त्या तिघी रडल्या तेव्हा कुठे उघडकीस आली. तीन पिढ्यांची ही अक्षम्य बेफिकिरी धुऊन काढण्याचे काम परमेश्वराने ग्लेनरॉयवर सोपवले, आणि त्याने ते नम्रपणे (बॅनरसह) स्वीकारले.

चर्चच्या निःस्वार्थ सेवा समितीचा तो अकरा वर्षे अध्यक्ष होता. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही शिकवण या समितीइतकी काटेकोरपणे कोणीच पाळली नसेल. तिने उजव्या हाताची उपसमिती (सेवा) आणि डाव्या हाताची उपसमिती (प्रसिद्धी) वेगवेगळ्या नेमल्या होत्या. पहिलीत तीन सदस्य होते, दुसरीत सतरा.

सेवेला गुण असत. आजाऱ्याची भेट, छायाचित्रासह, दोन गुण, छायाचित्राविना शून्य. फळवाटप, दर डझनाला एक. ज्यांना गुडघेदुखीमुळे किंवा मालिकेमुळे घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी ‘हळहळ (घरबसल्या)’ असा स्वतंत्र वर्ग होता. दुसऱ्याचे दुःख ऐकून मनापासून ‘अरेरे’ म्हणणाऱ्यास पाव गुण मिळे. गतवर्षी समितीच्या हातून एकूण ६१४ सेवा घडल्या. त्यांपैकी चौतीस सेवांच्या वेळी फोनची बॅटरी संपलेली असल्याने त्या यंदा पुन्हा करण्यात आल्या.

या सेवावर्षाचा कळस म्हणजे ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी जो समोर दिसेल त्याला बसवत, त्यामुळे वाटेल तसले पाय वेदीपुढे येत. ग्लेनरॉयने ती अंदाधुंदी मोडून काढली. नियमावलीनुसार पाय घरून धुऊन आणावा, टाच फुटलेली नसावी, आणि धुण्यासाठी उजवाच पाय पुढे करावा (कॅमेरा उजवीकडे असतो). परिणामी अकरा वर्षांत परातीतले पाणी एकदाही गढूळ झाले नव्हते. अहवालात याचा उल्लेख ‘आध्यात्मिक प्रगती’ या शीर्षकाखाली येतो.

पहिली खुर्ची अध्यक्षांच्या मातोश्रींची. एमिलियाबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. गावठाणात त्यांच्यासमोर कोणी पायावर पाय टाकून बसत नसे, आणि त्या स्वतः आयुष्यात देवाखेरीज कोणापुढे वाकल्या नव्हत्या. एक देणे तेवढे राहिले आहे, असे त्या अधूनमधून म्हणत. ग्लेनरॉयचा समज होता की एखाद्या नवसाची मेणबत्ती असावी.

यंदा ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवासकाळ सुरू होण्याच्या आठवडाभर आधी समितीकडे एक अर्ज आला. अर्जदार व्हॅलेन्सिया, मागच्या गल्लीतली, एकटी राहणारी. तिच्या पायाला साखरेच्या आजाराने जखम झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावले होते की दोन वेळा पाय धुऊन पट्टी बदलली नाही, तर दोन बोटे कापावी लागतील. तिला खाली वाकता येत नव्हते. कोणी तरी येऊन पाय धुऊन द्यावा, एवढीच मागणी होती.

समितीने अर्जाची तातडीने दखल घेतली. पाच जणांच्या पथकाने घरी जाऊन जखमेची पाहणी केली, परंतु सदर लाभार्थी छायाचित्रात हसली नाही. शिवाय ‘समितीशी संबंध’ या रकान्यात तिने ‘अध्यक्षाला पहिली अंघोळ मी घातली’ असे लिहिले होते. वशिल्याचा हा उघड प्रयत्न समितीने लाल शाईने खोडला. अखेर एकमताने ठराव झाला की उपवासकाळात समिती सेवेत गढलेली असल्याने पायाचा विषय ईस्टरनंतर घ्यावा. जखमेला तसे कळवण्यात आले नाही, त्यामुळे ती वाढत राहिली.

ठरावाची प्रत ग्लेनरॉयच्या जेवणाच्या टेबलावर पडली होती. एमिलियाबाईंनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवली, आणि मुलाला भात वाढला.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपासून त्या पहाटे आणि संध्याकाळी घराबाहेर पडू लागल्या. ग्लेनरॉयला वाटले, वयपरत्वे भक्ती वाढली. सभेत त्याने याचा अभिमानाने उल्लेख केला, आणि मातोश्रींच्या खात्यावर रोज दोन गुण धरावेत असे सुचवले. छायाचित्र नसल्याने ते फेटाळले गेले. नियम म्हणजे नियम.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला अकरा खुर्च्यांवर अकरा सुगंधी पाय सज्ज झाले. बारावा ठरलेला पाय आलाच नाही, आणि रिकामी होती ती नेमकी पहिली खुर्ची. त्याच मिसामध्ये, म्हणजे चर्चमधल्या त्या संध्याकाळच्या प्रार्थनाविधीत, ग्लेनरॉयला ‘सेवारत्न’ची शाल मिळायची होती, आणि शालीच्या छायाचित्रात आई शेजारी हवी होती. तो प्रसिद्धी उपसमितीच्या मिथुनला कॅमेऱ्यासह घेऊन आईच्या शोधात निघाला. मागच्या गल्लीत व्हॅलेन्सियाचे दार उघडे होते.

आत एमिलियाबाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर व्हॅलेन्सियाचा पाय, शेजारी कोमट पाण्याचे घमेले. जखम भरून आली होती. बोटे दहाच्या दहा होती.

“मम्मी, पहिली खुर्ची रिकामी आहे. फादर थांबलेत.”

“थांबू दे. पाय ओला आहे.”

“अगं, हे नंतर करता येईल.”

“नंतरचं तुझी समिती बघते.”

मिथुनने कॅमेरा उचलला. एमिलियाबाईंनी मान न वळवता त्याला दार लावून घ्यायला सांगितले, बाहेरून.

“घेऊ दे की गं फोटो,” व्हॅलेन्सिया म्हणाली. “आता तरी हसते मी.”

“तू गप बस. बोटं पसर.” एमिलियाबाईंनी एकेक बोट कोरडे केले, पट्टी बांधली, गाठ मारली. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. मुलाने हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

“चाळीस झाले, व्हॅलेन्सिया.”

“मी कुठे मोजत होते?”

“मी मोजत होते. हा झाला तेव्हा मी तापाने फणफणलेली. चाळीस दिवस तू मला धुतलंस आणि ह्याला धुतलंस. सकाळचे माझे, संध्याकाळचे ह्याचे. फिटलं.” मग त्या ग्लेनरॉयकडे वळल्या. “तुझ्या वाटचंही मीच फेडलं. आता तुला कोणाचं काही लागत नाही. जा, खुशाल निःस्वार्थ सेवा कर.”

घमेले त्यांनी त्याच्या हातात दिले. त्याने ते दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, गटारापर्यंत नेले. मिथुन कॅमेऱ्यासह केव्हाच चर्चकडे परतला होता. वाटेत कोणी पाहिले नाही, याची त्याला अनेक दिवस रुखरुख होती.

पुढील वृत्तांत समितीच्या अहवालातून घेतला आहे. पहिल्या खुर्चीची अडचण ओळखून अध्यक्षांनी ऐनवेळी स्वतःचा उजवा पाय देऊन त्याग केला. हा पाय नियमानुसार घरून धुऊन आणलेला नसल्याने परातीतले पाणी अकरा वर्षांत प्रथमच गढूळ झाले (नोंद ‘तांत्रिक त्रुटी’खाली). त्यानंतर टाळ्यांच्या गजरात शाल. व्हॅलेन्सियाचा विषय ईस्टरनंतरच्या सभेत निघाला आणि ‘लाभार्थी आपोआप बरी झाली’ म्हणून निकाली निघाला. या यशाचे बारा गुण समितीने आपल्या नावे घेतले.

एमिलियाबाईंच्या नावापुढे वर्षअखेर शून्य होते. वाचकहो, आपण मात्र रिकाम्या हाताने उठू नका. व्हॅलेन्सियाच्या पायाविषयी वाचताना आपण बसल्या जागी ‘अरेरे’ म्हणाला असाल, तर आपले नाव समितीकडे अवश्य कळवा. आपला पाव गुण तयार आहे, आणि तो एमिलियाबाईंपेक्षा पाव गुणाने अधिक आहे. त्यांची अर्थात तक्रार नाही. त्यांचे देणे त्या गुरुवारी, सहा वाजून पन्नास मिनिटांनी, मुलाच्या हिश्शासकट पुरते फिटले.