कंबरेइतकं पाणी

"बोटीनं जायचं, भर समुद्रात थांबायचं आणि धाडकन उडी मारायची!" असं म्हणून मेहुण्यांनी कापड बेतायच्या टेबलावर हात आपटला, तेव्हा मास्तरांच्या ओठांत धरलेल्या चार टाचण्यांपैकी एक पोटात जाता जाता वाचली.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. त्यांची गाडी शिकवायची शाळा होती, त्यामुळे ते घरातसुद्धा शेजारी बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगत असल्यासारखे बोलायचे. त्यांना पन्नास वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्यानिमित्त उबदार समुद्रात स्नॉर्केलिंग करायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, पाण्यात डोकं घालून रंगीत मासे बघायचे. वहिनींनी उन्हाचं निमित्त करून अंग काढून घेतलं. उरले तिघं.

"जावईबापू, तुम्हाला काय, तुम्ही तर पट्टीचे पोहणारे!" मेहुणे म्हणाले.

इथेच सगळी गोम होती. मास्तरांना पोहता येत नव्हतं. बादलीतलं पाणी अंगावर घेतानासुद्धा ते आधी खोल श्वास घेत. पण लग्न ठरण्याआधीच्या पहिल्या भेटीत, काय बोलावं ते न सुचून, ते म्हणून गेले होते, "मला पोहायला आवडतं." समोरच्या मुलीनं डोळे मोठे करून विचारलं होतं, "खूप?" त्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की मास्तरांचं भान सुटलं आणि त्यांनी तिथल्या तिथे भर पुरात उडी टाकून एका वासराला वाचवलं. पुढच्या अठरा वर्षांत त्या वासराचा माणूस झाला, एका माणसाची दोन माणसं झाली, आणि पूर दरवर्षी वीतभर वाढत गेला. बायको ही हकिकत ज्याला त्याला सांगायची, आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत तीच चमक यायची. ती चमक गेली तर आपण नुसते इंच मोजणारे एक टक्कलवाले गृहस्थ उरू, अशी मास्तरांची पक्की खात्री होती.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "बोट नको," ते म्हणाले. "बोटीतून उडी कुणीही मारेल. खरी मजा किनाऱ्यावरून आत जाण्यात. एकेक पाऊल टाकत... म्हणजे, एकेक हात मारत."

आता मेहुणे वाद घालणार म्हणून मास्तर दोन्ही पायांवर घट्ट उभे राहिले. पण मेहुणे पटकन म्हणाले, "बरोबर! मी तेच म्हणणार होतो. किनाराच बरा."

मेहुणे कुठल्याही गोष्टीला इतक्या लवकर हो म्हणाल्याचं मास्तरांच्या आठवणीत नव्हतं. "आणि पाणी नितळ हवं हं," आतून बायको म्हणाली. "खालचं सगळं स्पष्ट दिसायला पाहिजे."

जागा निवडायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. मापांच्या वहीत बगल, छाती, कंबर असे रकाने होतेच. त्यात किनाऱ्यांची नावं भरली. एका किनाऱ्यावर प्रवाळ अगदी जवळ होतं, पण तिथे चार पावलांवर जमीन एकदम संपायची. दुसऱ्यावर जमीन होती, पण तिच्यावर काटेरी समुद्री प्राणी बसलेले. तिसरा किनारा सगळ्या बाजूंनी उत्तम, फक्त मासे नव्हते. मास्तर गळ्यात टेप अडकवून एकेका हॉटेलला फोन लावत.

"पाणी किती खोल आहे?"

"छातीएवढं असेल, साहेब."

"कुणाच्या छातीएवढं? श्वास आत घेऊन की बाहेर सोडून?"

पलीकडून बहुतेक वेळा फोन ठेवला जायचा. शेवटी एका हॉटेलचा मॅनेजर भला निघाला. हा माणूस खरोखर पाण्यात गेला, प्रवाळापर्यंत चालत गेला, परत आला आणि धापा टाकत म्हणाला, "मास्तर, शेवटपर्यंत कंबरेइतकं पाणी. खाली मऊ वाळू. मासे तर पायाला गुदगुल्या करतात!"

मास्तरांनी टेप जमिनीपासून स्वतःच्या कंबरेपर्यंत धरला. अडतीस इंच. गुडघे थोडे वाकवले, तोंड पाण्यात घातलं आणि वर हात हलवले, की बघणाऱ्याला माणूस पोहतोय असंच वाटणार. त्यांनी त्याच दिवशी खोल्या ठरवल्या आणि आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला एक काज जास्त पाडलं.

राहता राहिला सराव. कापड भिजवायच्या मोठ्या टबात मास्तर दुपारच्या वेळी काच आणि नळी लावून डोकं घालू लागले. चौथ्या दिवशी नेमका शेजारचा चष्मेवाला आत आला. त्याला दिसले ते टबातून वर आलेले दोन खांदे. त्यानं हंबरडा फोडला आणि मास्तरांना कॉलरला धरून बाहेर ओढलं.

"अहो, असं काय करता! हेही दिवस जातील!"

मास्तरांच्या तोंडात नळी होती. त्यांनी केलेला खुलासा "भूऽऽ" एवढाच बाहेर आला, आणि चष्मेवाल्याला तो हुंदका वाटला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत बातमी झाली की मास्तर खचले आहेत. गिऱ्हाइकं कपडे न्यायला येताना दबक्या आवाजात बोलू लागली, आणि एका बाईनं तर ब्लाउज घट्ट झालेला असून "छान बसलाय" म्हणून सांगितलं.

भरतकामाच्या क्लासहून परतलेल्या बायकोला हे दारातच कळलं. तिनं एकदा टबाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि म्हणाली, "सवय गेली असेल ना, इतक्या वर्षांत."

"तेच ते," मास्तर म्हणाले. "तुझे केस का ओले?"

"भरतकामानं डोकं तापतं हो. जरा पाणी मारलं."

मास्तरांना तो क्लासच विचित्र वाटायचा. सहा महिन्यांत बायकोनं एक पाकळीही पुरी भरली नव्हती. तिथल्याच कुठल्याशा बाईसाठी त्यांना ताणणाऱ्या निळ्या कापडाचा पोहायचा पोशाखही शिवावा लागला होता. "माप माझंच घ्या, आम्ही दोघी सारख्याच आहोत," बायको म्हणाली होती. डाव्या खांद्यापाशी निळा दोरा संपला, घाई होती, म्हणून दोन इंच शिवण लाल दोऱ्यानं मारावी लागली. ते दोन इंच अजून मास्तरांच्या जिवाला लागून राहिले होते.

ठरल्या दिवशी तिघं किनाऱ्यावर पोचले. समुद्र निळाशार, नारळाची झाडं झुकलेली, आणि दारात स्वागताला तो भला मॅनेजर. मास्तरांनी हात जोडले आणि वर पाहिलं. मग आणखी वर पाहिलं. मॅनेजर सहा फूट सात इंच होता. त्याची कंबर मास्तरांच्या हनुवटीच्या जरा खाली येत होती. बावीस वर्षं लोकांची मापं घेणाऱ्या माणसानं या एकाच माणसाची उंची विचारली नव्हती.

पण आता माघार कशी घेणार? बायको म्हणाली, "तुम्ही दोघं व्हा पुढे, मी आलेच कपडे बदलून," आणि मास्तर बोटांच्या टोकांवर चालत समुद्रात शिरले. प्रवाळापाशी पाणी हनुवटीला लागलं. शेजारी मेहुणे जोरजोरात हात मारत ओरडत होते, "वा! काय पाणी आहे! वा!"

मास्तरांनी देवाचं नाव घेऊन तोंड पाण्यात घातलं. पाणी खरोखरच नितळ होतं. पिवळे मासे, निळे मासे, आणि त्यांच्या मधोमध मेहुण्यांचे दोन गोरे पाय, वाळूवरून सावकाश चालत होते.

मास्तरांना इतका आनंद झाला की नळीतून बुडबुड्यांऐवजी हसू बाहेर पडलं. मेहुण्यांनी दचकून डोकं खाली घातलं. त्यांना वाळूत टेकलेले मास्तरांच्या पायांचे अंगठे दिसले. दोघांनी काचांतून एकमेकांकडे पाहिलं. पाण्याखाली माणसाला थाप मारता येत नाही.

तेवढ्यात त्या दोघांच्या मधून काहीतरी निळं सळसळत गेलं, वळलं आणि परत आलं. डाव्या खांद्यावर दोन इंच लाल शिवण होती. आपली शिवण न ओळखायला मास्तर काही नवखे नव्हते. "अगं!" ते पाण्यातच ओरडले. नळी सुटली, लाट आली, बोटांखालची वाळू निसटली, आणि जग उलटंपालटं झालं. मग कुणीतरी त्यांची कॉलर धरली. कॉलर त्यांनी स्वतःच शिवली होती, त्यामुळे टिकली.

गुडघाभर पाण्यात आल्यावर बायकोनं त्यांची पाठ थोपटली. मागून मेहुणे उघडउघड चालत येत होते.

"तुला पोहता येतं?" मास्तरांनी खोकत विचारलं.

"सहा महिने झाले शिकतेय. क्लास पोहण्याचाच होता."

"पण का?"

"का म्हणजे? अठरा वर्षं थापा मारताय. आज ना उद्या कुणीतरी तुम्हाला पाण्यात नेणारच होतं. घरात एकाला तरी पोहता यायला नको?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यापासून. डोक्यावर तांब्या ओतताना डोळे गच्च मिटून श्वास धरणारा माणूस पुरात उडी मारतो होय?"

मास्तरांना रडू आलं, पण आधीच इतके भिजले होते की ते कुणाला कळलं नाही. "मग ते वासरू तू सगळ्यांना का सांगत होतीस?"

"मला आवडायचं म्हणून," ती म्हणाली. "माझ्यावर छाप पाडायला इतकी मोठी थाप दुसऱ्या कुणी मारली नव्हती."

जेवणाच्या वेळी मॅनेजर टेबलाशी आला, वाकला, आणखी वाकला आणि विचारू लागला, "काय मंडळी, कसं झालं पोहणं? पाणी कंबरेइतकंच होतं ना?"

मास्तर ताटात बघत राहिले. मेहुणे पाण्याचा घोट घ्यायला गेले आणि पाणी नकोसं होऊन पेला खाली ठेवते झाले. बायकोच्या डोळ्यांत मात्र तीच जुनी चमक आली.

"अहो, विचारू नका," ती म्हणाली. "दादा बुडतच होता आज. ह्यांनी ओढून काढलं म्हणून बरं. ह्यांनी वाचवलेलं हे तिसरं माणूस."

मॅनेजरनं आदरानं मास्तरांकडे पाहिलं. मेहुण्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि मुकाट्यानं मान डोलावली.